उमरपाणीचा सातवा दिवस

खानदेशातून परत आल्यावर आमच्या कृष्णाकाठच्या गावात लोकांनी मला तीनच प्रश्न विचारले. तिकडे वाघ दिसला का, तिकडची भाषा कळते का, आणि पोटाचं काय झालं. वाघ दिसला नाही. भाषा आधी मुळीच कळली नाही, मग निम्मी कळली. पोटाचं मात्र इतकं चांगलं झालं की कोटाची बटणं शिंप्याकडून सरकवून घ्यावी लागली. तू तिकडे शिकवायला गेला होतास, तर काय शिकवलंस, हा चौथा प्रश्न कोणीच विचारला नाही. विचारला असता तर माझी पंचाईत झाली असती. पण न विचारल्यामुळे तो मनात राहून गेला आहे, म्हणून आता दसरा तोंडावर आला असताना हे लिहायला बसलो आहे.

हल्ली जिकडे तिकडे ग्रामसुधारणेची चर्चा आहे. मी ज्या शेतकी संस्थेत शिक्षक आहे तिच्या चालकांच्या मनात आलं की पश्चिम खानदेशात, तापीच्या काठावर आणि सातपुड्याच्या अंगाला, दहा गावं निवडावीत. प्रत्येक गावातून एक होतकरू शेतकरी बोलवावा, त्याला दहा दिवस सुधारलेली शेती शिकवावी, आणि मग त्याने गावचा शेतकी पुढारी होऊन बाकीच्यांना शिकवावं. या कामासाठी माझी निवड झाली. त्या वेळी मला वाटलं की याहून योग्य माणूस त्यांना मिळालाच नसता.

प्रकाशा

नंदुरबारला गाडीतून उतरून पुढे बैलगाडीने प्रकाशाला पोचलो तेव्हा पौष महिना लागला होता. तापी पाहिली आणि पहिल्यांदा जरा हिरमोड झाला. आमच्या कृष्णेला घाट आहेत, देवळं पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी असतात. तापी दरडींच्या मधून खोल वाहते आणि काठावर उभं राहिल्याशिवाय दिसतच नाही. पण दोन दिवसांत डोळे सरावले. काळ्या जमिनीचा तो पसारा, वेचणीला आलेला कापूस, विहिरींच्या आधाराने वाढलेल्या केळीच्या बागा, आणि सकाळी गोमाई नदीच्या संगमावर कुडकुडत बुडी मारणारे यात्रेकरू. असली जमीन माझ्या वडिलांनी पाहिली असती तर ते मातीचा खडा खिशात घालून घरी घेऊन आले असते. मीही तेच केलं.

माझी सोय भगवानभाई पटेलांकडे केली होती. हे गुजर शेतकरी. त्यांचे पूर्वज फार मागे गुजरातेतून आले आणि तापीकाठचेच झाले. माणूस अबोल, पण शेतात उभा राहिला की दर पावलाला नवं काहीतरी सांगणारा. त्यांच्या पत्नी जमनाबाई यांनी मला पहिल्याच दिवशी माझी जागा दाखवून दिली. उडदाची डाळ, तुपात बुडवलेल्या बट्ट्या, खापरावरचे मांडे. दुसऱ्या मांड्याला मी हात आडवा धरला, तशा त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हना देशमा काय तराजूवर बसीसन जेवतस का?"

आमच्याकडे पाहुण्याने नको म्हणायचं आणि यजमानाने आग्रह करायचा, अशी निदान तीन फेऱ्यांची रीत असते. तिथे पहिल्या नकारालाच मांडा ताटात पडतो आणि विषय संपतो. मला ही रीत फार सोयीची वाटली. या बाईंनी मला परक्या मुलखात एक दिवसही परकं वाटू दिलं नाही, आणि त्यांचं हे देणं मी फेडू शकेन असं वाटत नाही.

वर्ग धर्मशाळेच्या ओट्यावर भरत असे. मी गावाचं नाव पुकारायचो आणि त्या गावचा माणूस "जी" म्हणायचा. नऊ गावची नऊ माणसं धर्मशाळेतच राहिली होती. दहावं गाव उमरपाणी. ते सातपुड्यात वर, पावरा लोकांचं. तिथून प्रकाशाला यायला दीड दिवस चालावं लागतं. पहिल्या दिवशी उमरपाणी म्हटल्यावर एक उंच, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस "जी" म्हणाला. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा म्हणाला. मला वाटलं, माझी काहीतरी चूक होते आहे. तिसऱ्या दिवशी तिसराच माणूस उठला तेव्हा मी वही मिटली.

"कालचा माणूस कुठे आहे?" मी विचारलं.

"घरी गेला," तो मोडक्या अहिराणीत म्हणाला. "आज मी आहे."

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. शिक्षण म्हणजे आठवड्याचा बाजार नव्हे, ज्याने सुरुवात केली त्यानेच शेवट केला पाहिजे, वगैरे. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, धडा संपला तसा उठून निघून गेला, आणि चौथ्या दिवशी चौथा माणूस आला. वहीत उमरपाणीसमोर मी "हजेरी अनियमित" असं लिहून टाकलं आणि नाद सोडला.

वर्ग तसा छान चालला. पहिले दोन दिवस बियाणं कसं निवडावं आणि ज्वारीवर काणी रोग पडू नये म्हणून त्याला मोरचूद कसं लावावं, तिसऱ्या दिवशी शेणखताचा खड्डा, चौथ्या दिवशी लोखंडी नांगर. पाचव्या दिवशी सगळ्यांना चढावर नेऊन पाणसळीने सपाटीची रेघ कशी काढायची ते दाखवलं, सहाव्या दिवशी त्या रेघेवर मातीचा बांध घातला. मग पाभरीने ओळीत पेरणी आणि गुरांचे आजार झाले. शेवटच्या दिवशी मी "पुढारी कसा असावा" या विषयावर बोललो. हे भाषण मी घरूनच तयार करून नेलं होतं. भाषण झाल्यावर नऊ जणांना फेटे बांधले, निवडलेल्या ज्वारीची एकेक पिशवी दिली. उमरपाणीच्या माणसाला काही दिलं नाही, कारण दहा दिवस हजर राहिलेला असा त्या गावचा कोणीच नव्हता. तो दहावा माणूस बाकीच्यांच्या फेट्यांकडे कौतुकाने पाहत उभा होता. रुसवा मला तरी दिसला नाही.

शहादा

पुढचे चार महिने मी प्रकाशातच मुक्काम ठेवून होतो. पटेलांच्या मळ्यात बियाण्याचे काही प्रयोग चालू होते. पावसाआधी दहाही गावांत जाऊन पुढाऱ्यांनी काय काय केलं ते पाहायचं आणि मग घरी परतायचं, असं ठरलेलं होतं. दहा गावं म्हणजे माझ्या लेखी नऊच. वैशाखात या फेरीला निघालो आणि पहिला मुक्काम शहाद्याला हस्तीमलजींच्या दुकानी केला.

हस्तीमलजी मारवाडी. घराणं तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. आमचूर आणि चारोळी विकत घ्यायला ते दरसाल तट्टावर बसून डोंगरात जातात. घरी मारवाडी, दुकानात अहिराणी, डोंगरात पावरी, अशी त्यांची जीभ दिवसातून तीनदा कूस बदलते. मी माझी यादी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती बोटावर मोजली.

"नऊच व्हयनात," ते म्हणाले. "उमरपाणी कथं गयं?"

मी त्या गावाची हकिगत सांगितली. हस्तीमलजींनी पानाचा डबा खाली ठेवला.

"गुरुजी, मी परवादिन तठूनच वनू. पुरं गाव बांध घाली ऱ्हायनं तठे."

"त्यांना कोणी शिकवलं?"

"मी काय शिकाडसू? मी तं आमचूर इकत लेस. तुम्हीच शिकाडं ना."

रात्रभर मला नीट झोप लागली नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण खरं सांगायचं तर उकाड्यातही मी चांगला झोपलो. सकाळी मात्र यादीतली बाकीची गावं बाजूला ठेवून मी हस्तीमलजींना म्हटलं की मला वर घेऊन चला. त्यांचं डोंगरातलं काम होऊन चुकलं होतं, तरी या गृहस्थाने दुकान भावावर सोपवून तट्टू बाहेर काढलं. याबद्दल त्यांचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, कारण मला वाटलं त्यांना आणखी चारोळी हवी असेल. ते येथे मानतो.

डोंगर चढताना

शहादा सोडलं की तासाभरात काळी जमीन संपते आणि मुरूम लागतो. मग साग, सालई, आणि पानं झडलेले डोंगर. वैशाखात सातपुडा उघडाबोडका दिसतो, पण मधेच एखाद्या ओढ्याकाठी आंब्यांची अशी गर्द राई लागते की तिथून उठवत नाही. आंब्याच्या राईत सगळीकडे कैऱ्या चिरण्याचं काम चाललेलं. खडकांवर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. सगळ्या वाटेवर आंबट वास भरून राहिला होता, आणि माझ्या तोंडाला सुटलेलं पाणी मुक्कामापर्यंत काही थांबलं नाही.

हस्तीमलजी जैन, म्हणून पाणी पंच्यातून गाळून पितात आणि सूर्य मावळायच्या आत जेवतात. त्यामुळे आमचा प्रवास त्यांच्या जेवणाच्या वेळेवर चालायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी एका ओढ्यावर थांबलो. त्यांनी एक सपाट दगड दाखवला आणि म्हणाले की उमरपाणीचे लोक पौषात इथे भेटत असत.

"कोण भेटत असत?"

तेव्हा मला ती व्यवस्था पहिल्यांदा कळली. पावरा गावात मोठं काम एकट्याने करायची रीत नाही. एखाद्याला शेत साफ करायचं असलं, घर उभं करायचं असलं, की तो गावाला बोलावतो. प्रत्येक घरातून एक माणूस येतो, काम उरकतात, ज्याचं काम तो जेवण देतो. उद्या दुसऱ्याचं काम. याला ते लाह म्हणतात. आमचा निरोप गेला की गावातून एक माणूस दहा दिवस पाठवा. गाव बसलं. एकाच घराने दहा दिवस, शिवाय जायचे-यायचे तीन, एवढं ओझं का उचलावं? आणि गावाच्या उपयोगाची वस्तू एकट्याच्याच डोक्यात का ठेवावी? म्हणून त्यांनी त्याचीही लाह केली. दहा घरांनी एकेक दिवस वाटून घेतला. रोज एक माणूस डोंगर उतरत होता आणि एक चढत होता. या दगडापाशी दोघांची गाठ पडली की परतणारा जाणाऱ्याला सांगायचा, धर्मशाळा कुठे, पाणी कुठे प्यायचं, आणि गुरुजी कशाने चिडतात.

मी त्या दगडावर बराच वेळ बसून राहिलो. हस्तीमलजींनी घाई केली नाही.

उमरपाणी

आमच्याकडे गाव म्हणजे घराला घर लागून आणि भिंतीला भिंत. उमरपाणीत प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकडीवर. कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, अंगण लखलखीत. एका घरून दुसऱ्या घरी हाक पोचते, माणूस मात्र अर्ध्या घटकेने पोचतो. खेमा कारभारी म्हणून गावचे प्रमुख. पहिल्या दिवशीच्या वर्गाला आलेला तो उंच, हसरा माणूस म्हणजे हेच, हे मला इथे आल्यावर कळलं. मला ओळखताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि सरळ शेताकडे नेलं.

जे पाहिलं ते मी नऊ फेटेवाल्यांच्या गावांत पुढे कुठेच पाहिलं नाही. सगळ्या उतारावर सपाटीच्या रेघेने बांध गेले होते. पाणसळ त्यांनी स्वतः तयार केली होती, सागाच्या तीन काठ्या आणि दोरीला बांधलेला दगड. खताचे खड्डे बरोबर मापाचे. मी एकेक गोष्ट विचारू लागलो तसा एकेक माणूस पुढे येऊन आपापला दिवस सांगू लागला, आणि हस्तीमलजी मला अर्थ सांगत गेले. प्रत्येकाने आपला धडा पाठ केला होता, मी कुठे खोकलो आणि कुठे थांबलो त्यासकट. तिसऱ्या दिवसाच्या माणसाने मी त्याला रागावलो तेही जसंच्या तसं सांगितलं, आणि मग खताच्या खड्ड्याकडे वळला. दहाव्या दिवसाचा गुल्या नावाचा मनुष्य म्हणाला, "दहाव्या दिवशी गुरुजी खूप बोलले. दाखवलं काही नाही." हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

मग माझ्या लक्षात आलं की कोणत्याच बांधाला सांडवा नाही. सांडवा म्हणजे जादा पाणी जायला ठेवलेली वाट. ती नसली तर पाणी बांधावरून उडी मारतं, बांध फुटतो, आणि एक फुटला की खालचे सगळे फुटतात. असा बांध घालण्यापेक्षा न घातलेला बरा. रोहिणी निघायला तीन आठवडे उरले होते.

"याला सांडवा का ठेवला नाहीत?" मी विचारलं.

खेमा कारभारी म्हणाले, "पाणी कुठून जाईल ते आम्हालाही कळतं, गुरुजी. पण तुमच्या बांधात ते कुठून जातं ते सातव्या दिवसात असणार. सहावा संपताना तुम्ही म्हणालात, पाण्याचं उद्या सांगतो. सातवा दिवस आमच्याकडे नाही. म्हणून काम थांबलं आहे."

"सातव्याला कोण आला होता?"

"रुमाल्या," ते म्हणाले, आणि समोरच्या टेकडीकडे हनुवटी केली. तिथलं घर एकटंच होतं, आणि त्याच्या शेतात एकही बांध नव्हता. गावातलं सगळ्यांत जास्त उताराचं शेत तेच.

रुमाल्या पौषात रिकाम्या हाताने परत आला होता. त्याने सांगितलं की मी गेलो, पण त्या दिवशी वर्गच नव्हता, गुरुजी जेवायला गेलेत असं तिथल्या लोकांनी सांगितलं. गावाला हे पटलं नाही. सहाव्याला वर्ग होता, आठव्याला वर्ग होता. दहा गावची माणसं लांबून येऊन बसली असताना शिकवणारा माणूस जेवायला जाईल, हे त्यांच्या मनात बसेना. रुमाल्याला बाजाराची आवड. तो शहाद्याच्या बाजारात रमला आणि दिवस बुडवून आला, असं सगळ्यांनी धरलं. कोणी दंड केला नाही, कोणी भांडलं नाही. फक्त लाहेला त्याला कोणी बोलावलं नाही, आणि जो बोलावला जात नाही त्याने बोलवायचं तरी कोणाला? नवराबायको दोघंच त्या उतारावर चार महिने दगड वेचत होती.

आता वाचकांची क्षमा मागून सांगतो. प्रकाशाच्या हकिगतीत मी एक दिवस गाळला आहे. वाचकांच्या तो लक्षात आला नसेल, नऊ पुढाऱ्यांच्याही आला नाही. सातव्या दिवशी पटेलांच्या मळ्यात भरिताचा बेत होता. वांगी शेतातच काट्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, आणि केळीच्या पानावर जेवायचं. मला आग्रह झाला नव्हता. नुसता सुगावा लागला होता. सहाव्या दिवशी संध्याकाळी मी सुट्टी जाहीर केली तेव्हा उमरपाणीचा माणूस केव्हाच वाटेला लागला होता; बाकीचे नऊ जण सातव्याला धर्मशाळेला कुलूप घालून हिंडायला गेले. सांडव्याचा धडा नंतर घेऊ म्हटलं आणि तो राहूनच गेला. आठव्या दिवशी सकाळी धर्मशाळेच्या पायरीवर एक माणूस उभा होता. मी त्याला म्हटलं, काल सुट्टी होती, आज बस. तो म्हणाला, "आज मन्हा दिवस नहीं," आणि निघून गेला. मला तो उद्धट वाटला होता.

मला लाज वाटली. नऊ जणांना मी पुढारी केलं, आणि त्यांच्यातल्या एकालाही धडा गळल्याचं कळलं नाही. ज्या गावाला मी अनियमित ठरवलं त्याने दिवस मोजून ठेवले होते, आणि माझ्याबद्दल चांगलं मत ठेवण्यासाठी आपल्याच माणसाला खोटं पाडलं होतं.

दुसरा दिवस

सकाळी ढोल वाजवून गाव आंब्याखाली जमा केलं. रुमाल्यालाही निरोप गेला. तो आला आणि सगळ्यांच्या मागे, उन्हातच बसला. मी उभा राहिलो. भाषणं मी पुष्कळ केली आहेत, पण त्या दिवशी तीन वाक्यांच्या पुढे गेलो नाही. रुमाल्या आला होता. वर्ग नव्हता. मी भरीत खायला गेलो होतो. हस्तीमलजींनी ते पावरीत सांगितलं. त्यांनी ते मऊ करून सांगितलं नाही, हे मला ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

कोणी हसलं नाही, कोणी रागावलं नाही. मग खेमा कारभारी उठले, मागे उन्हात गेले आणि रुमाल्याच्या शेजारी बसले. त्यांच्यामागून एकेक जण उठला. थोड्या वेळाने सगळं गाव उन्हात बसलं होतं आणि सावलीत मी आणि हस्तीमलजी उरलो. आम्हीही उठलो.

मी म्हटलं, आता सगळ्यांनी चला, सांडवा दाखवतो. खेमांनी मान हलवली. "सातवा दिवस रुमाल्याचा आहे," ते म्हणाले. "त्याला द्या. तो आम्हाला देईल."

मग मी आणि रुमाल्या दोघंच उतारावर गेलो. तो मजुरीला सपाटीवर जाऊन आलेला होता, त्यामुळे आमची बोली जुळली. बांधाच्या टोकाला कठीण जमीन कशी शोधायची, तिथे बांध वीतभर खाली कसा ठेवायचा, दगड कसे लावायचे, पाणी पायरीपायरीने उतरवून खालच्या शेताला न दुखवता ओघळात कसं सोडायचं. त्याने प्रत्येक गोष्ट तीनदा विचारली आणि स्वतःच्या हाताने करून पाहिली. दहा दिवसांच्या वर्गात मी एवढं मन लावून शिकवलं नव्हतं.

"त्या सकाळी तू मला दोन शब्द का नाही बोललास?" मी शेवटी विचारलं.

त्याने दगडाची पाचर नीट बसवली. "काय बोलतू, गुरुजी? दिवस तं जायेल व्हता. आन आठवा दिवस दुसराना व्हता."

दुपारी मी आंब्याखाली इतरांमध्ये बसलो आणि रुमाल्या उभा राहिला. त्याने सुरुवात अशी केली: सातव्या दिवशी मी गेलो, धर्मशाळेला कुलूप होतं, गुरुजी भरीत खायला गेले होते. मग धडा सांगितला. एक अक्षर सुटलं नाही. लोक जसे पहिल्या दिवसाचं ऐकत होते तसंच हेही ऐकत होते.

तिसरा दिवस, आणि निरोप

तिसऱ्या दिवशी लाह रुमाल्याच्या शेतात. पहाटेपासून सगळं गाव त्या उतारावर. मीही दगड वाहिले. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले आणि बायका माझ्या चालण्याकडे पाहून तोंडावर पदर घेऊन हसू लागल्या. जेवायला मक्याची भाकरी, कुळथाचं कालवण आणि कैरीचं तिखट. रुमाल्याची बायको वाढत होती. माझ्यापाशी आली तेव्हा तिने दोन भाकऱ्या एकदम वाढल्या आणि काहीतरी म्हणाली. हस्तीमलजींनी सांगितलं, ती म्हणते, गुरुजींना आज कुठे जायचं नाही ना, पोटभर जेवू द्या. इतका वेळ न हसलेलं गाव तेव्हा हसलं. मीही हसलो. ती बाई चार महिने खोटारड्याची बायको म्हणून जगली होती आणि तरी तिने मला आग्रहाने भाकरी वाढली.

मला काळजी होती ती उरलेल्या नऊ गावांची. तिथेही बांध घातले असतील तर सांडव्याविना. त्यांतलं धानोरा तापीच्या पलीकडे, बाकीची चारी दिशांना. मी एकटा रोहिणीच्या आत कुठे कुठे पोचणार? मी हे खेमा कारभाऱ्यांना बोलून दाखवलं. त्यांनी गावाकडे पाहिलं. फार चर्चा झाली नाही. नऊ घरांतून नऊ माणसं निघायचं ठरलं, एका गावाला एक. मी आभार मानू लागलो तर खेमा म्हणाले, यात आभार कसले, ही लाहच आहे. उमरपाणीला मी न दिलेली ज्वारीची पिशवी पाठवायचं कबूल केलं, आणि घरी निघण्याआधी पाठवली. ती त्यांनी मूठमूठ करून सगळ्या घरांत वाटली, असं हस्तीमलजींचं पत्र नंतर आलं.

चौथ्या दिवशी सकाळी नऊ जण खांद्याला भाकरी बांधून अंगणात उभे राहिले आणि रुमाल्याने त्यांच्याकडून सातवा दिवस म्हणवून घेतला. प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करत होता. कुलूप होतं, गुरुजी भरीत खायला गेले होते. नऊ वेळा ऐकल्यावर माझ्याने राहवेना. नऊ गावांत मला अजून तोंड दाखवायचं होतं. मी रुमाल्याला बाजूला घेतलं आणि हळूच म्हटलं, "धडा सांडव्याचा आहे. ते भरिताचं गाळलं तर नाही का चालणार?"

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलच होतं.

"ते कसं सोडी देऊ, गुरुजी?" तो म्हणाला. "चार महिना मी तेच तं सांगी ऱ्हायनू."

मग मी त्या नऊ जणांपुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, भरिताबरोबर कळण्याची भाकरी होती आणि वर लोण्याचा गोळा होता, तेही सांगा. रुमाल्याने ते पावरीत करून सांगितलं. नऊ जणांनी दोनदा म्हणून पाहिलं, आणि मग एकामागून एक डोंगर उतरू लागले.